भिडूचं थांबणं

पंचफुलामावशींच्या घरात टीव्हीचा आवाज कायम बारीक असतो. श्रीपतीकाका कानाला हात लावून बातम्या ऐकतात आणि कुरकुरतात, "हिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, अन् मला समोरचं येईना."

"मग मोठा करा की," मावशी स्वयंपाकघरातून म्हणतात.

"केला की तूच वरडतीस!"

हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते, त्यामुळे हा संवाद मला रोज फुकटात ऐकायला मिळतो. आणि काका म्हणतात ते खरंच आहे. मावशींचे कान तयार कान आहेत. सदतीस-अडतीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात होत्या, त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक एक्स्चेंजवर. दूरगावचा फोन त्या काळी असा थेट लागत नसे. मध्ये ऑपरेटर बसायची, दोन टोकं जोडून द्यायची आणि लाइन नीट चाललीय ना हे बघायला मधूनमधून कान लावायची.

"म्हणजे सगळ्यांचं सगळं ऐकायला यायचं?" मी एकदा विचारलं. मावशी मेथी निवडत होत्या.

"यायचं की. कोण वारलं, कुणाचं जुळलं, कुणी कुणाला फसवलं. कान काय दार आहे का, लावून घ्यायला?"

"मग घरी येऊन सांगायचात?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची मेथी उकिरड्यावर टाकली होती.

काकांनी मात्र ती संधी सोडली नाही. "अगं, माझ्या बहिणीचं लग्न ठरत होतं नांदेडला. पोराकडच्यांचा नकार येणार, हे हिला आधीच कळलेलं. लाइनवर. अन् ही घरात येऊन निवांत चकल्या तळायली! पाहुणे येणार म्हणून!"

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

"माझा फोन नव्हता तो," मावशी म्हणाल्या आणि मेथीची जुडी झटकली.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की पंचफुलामावशी ब्रिज खेळतात, आणि त्या कशा खेळतात हे ह्या कानांशिवाय सांगता येत नाही.

ब्रिज त्या ऑफिसातच शिकल्या. जेवणाच्या सुट्टीत रिक्रिएशन रूममध्ये तिघे साहेब खेळायला बसत आणि चौथा कायम रजेवर असे. "पंचफुला, जरा बस, फक्त पानं धरून बस," असं म्हणत त्यांना खुर्चीत बसवलं गेलं. पानं धरता धरता खेळ कळला, आणि मग त्या तिघांना त्यांची रजा परवडेनाशी झाली. वडिलांना हे कळलं तेव्हा घरात वादळ झालं. पत्ते म्हणजे जुगार, आपल्या समाजाची पोरगी नोकरीला लागली ती हे करायला? मावशींनी त्यांना एक दिवस सरळ त्या खोलीत नेऊन बसवलं. वडील तासभर बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "ह्याच्यात कुणी बोलत का नाही?"

"बोलायचं नसतंच, बापू. पानांनी बोलायचं."

"मग बरंय," म्हणाले म्हणे. "तुझ्या आईला शिकव."

निवृत्त झाल्यावर मावशींनी हिमायतनगरच्या क्लबात मंगळवार आणि शनिवार धरले. तिथं जोड्यांचा ब्रिज चालतो. दोघं समोरासमोर बसतात, ती जोडी. एकमेकांचे भिडू. मला हा खेळ समजावताना मावशींनी जावांचं उदाहरण दिलं होतं.

"बघ लेकरा. चार जावांना सासूनं सारखीच वांगी दिली. तेल तेवढंच, मसाला तोच. आता कुणाची भाजी कशी झाली ते बघायचं. आमच्या इथं तेच. जे पत्ते माझ्या हातात आले, तेच पत्ते डब्यातनं पुढच्या टेबलावर जातात, तिथल्या बाईच्या हातात. वाईट आले म्हणून रडायची सोय नाही. ती पण त्याच वाईट पत्त्यांनी खेळणार असते. तिच्यापेक्षा एक हात जरी जास्त काढला, तरी आपण वर."

"आणि बोलायचं अजिबात नाही?"

"भिडूनं टाकलेलं पान बोलतं. मोठं टाकलं तर 'आण', बारीक टाकलं तर 'नको'. तेवढंच ऐकायचं. भिडू किती वेळ थांबला, उसासा टाकला का, खुर्चीत हलला का, ते ऐकायचं नाही."

"ऐकू आलं तर?"

"आलं तर आलं. वापरायचं नाही. दोन्ही पानं बरोबरीची वाटत असतील, तर त्याचं थांबणं ज्या पानाकडं ढकलतंय ते सोडून दुसरं खेळायचं. नियमच आहे तसा."

नियम आहे हे खरं. पण मावशी तो जसा पाळतात तसा पाळताना मी कुणाला पाहिलं नाही. भिडूची पाळी आली, की त्या मान खाली घालून टेबलाच्या हिरव्या कापडाकडे बघतात. भिडूच्या चेहऱ्याकडे बघायचंच नाही. डोळ्यांना दार आहे ना, ते लावून घ्यायचं.

आता कानांचं काय करणार? कारण भिडू होत्या इंदुताई.

इंदुताई हिमायतनगरच्याच. माहेर पुण्याचं, वय पंचाहत्तरीच्या आसपास, आवाज मात्र पंचविशीचा आणि तोही भांडणातला. यजमान ब्रिजचे मोठे खेळाडू होते. ते गेल्यावर इंदुताई त्यांच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि समोर कुणी टिकेना. प्रत्येक डाव संपला की त्या भिडूची शाळा घेत. वर्षभरात पाचेक भिडू पळाले. मग पंचफुलामावशी समोर बसल्या. त्यांना ओरडून घ्यायची सवय होती, एक्स्चेंजवर सगळा देश ओरडतच बोलायचा.

इंदुताईंच्या तोंडात कायम खडीसाखर असते. घसा कोरडा पडतो म्हणून. तो खडा त्यांच्या कवळीवर फिरत राहतो, कट्... कट्... कट्. क्लबातल्या लोकांना आता तो पंख्याच्या आवाजासारखा ऐकूच येत नाही. मावशींना येतो. इंदुताई खरंच विचारात पडल्या, की खडा थांबतो.

"त्यांना सांगा ना, खडीसाखर नको म्हणून," मी म्हटलं होतं.

"सांगितलं एकदा. तर म्हणाल्या, 'पंचफुला, तुझं लक्ष पत्त्यांत नाही, माझ्या तोंडात आहे!'"

ह्या वर्षीच्या जोड्यांच्या स्पर्धेत पहिल्या दोन जोड्या कोलकात्याला जाणार होत्या, मोठ्या स्पर्धेला. इंदुताईंचे यजमान तिथं अनेकदा खेळून आले होते. इंदुताई एकदाही गेल्या नव्हत्या. तेव्हा मुलं लहान, मग सासूबाई, मग यजमानांचंच आजारपण. स्पर्धेच्या सकाळी आम्ही ऑटोनं त्यांना घ्यायला गेलो, तेव्हा त्या कडक इस्त्रीची साडी नेसून फाटकात उभ्याच होत्या. बसता बसता म्हणाल्या, "पंचफुला, ऐक. ह्या वर्षी गेलो तर गेलो. नाहीतर मी पत्ते ठेवून दिले."

"असं काय बोलताय, इंदुताई."

"खरंच सांगतेय. माझे गुडघे आता फक्त कोलकात्यासाठी क्लबाच्या जिन्याला हो म्हणतात. मंगळवार-शनिवारच्या चकाट्यांसाठी नाही."

 इंदुताई थांबल्या तर मावशींनाही थांबावं लागणार होतं. जोड्यांच्या खेळात एकट्या माणसाला खुर्ची नसते, आणि क्लबातल्या बाकीच्या जोड्या पक्क्या होत्या, जुन्या लग्नांसारख्या. घरी मुलगा अमरदीप गच्चीबावलीच्या ऑफिसातून जेवायच्या वेळेला येतो आणि जेवून झोपतो. काकांना बातम्या आहेत. मावशींना मंगळवार आणि शनिवार होते.

संध्याकाळपर्यंत दोघी झकास खेळल्या. इंदुताईंनी दिवसभरात फक्त दोनदा शाळा घेतली, यावरून ओळखा. शेवटची फेरी आली तेव्हा स्पर्धेचे पंच मुकुंदराव फळ्यापाशी जाऊन आकडे लावून आले. पहिली जोडी बरीच पुढे होती. दुसऱ्या जागेसाठी आमच्या ह्या दोघी आणि हर्षवर्धन-गौतम, आणि योगायोग असा, की शेवटचा डाव ह्यांचा त्यांच्याशीच. हर्षवर्धन म्हणजे क्लबातला तरणा वाघ. सॉफ्टवेअरमध्ये मोठा हुद्दा, तीन पिढ्या हैदराबादेत, आणि आपण सगळं जिंकून आलो आहोत अशी बसायची पद्धत.

मी मावशींच्या मागे स्टूल घेऊन बसले. बोलायचं नाही, उसासायचं नाही, ह्या अटीवर.

हर्षवर्धननं बोली लावली: इस्पिक हुकूम, तेरापैकी दहा हात काढतो. म्हणजे त्याला तीन हात गमवायची मुभा. ह्या दोघींनी चार काढले, की तो बुडाला. त्याचा भिडू गौतम ह्यानं आपली पानं टेबलावर उघडी मांडली, कारण तसाच नियम आहे, आणि चहा आणायला गेला. मावशी आणि इंदुताईंनी सुरुवातीलाच दोन हात घेतले. मग हर्षवर्धननं झरझर हुकूम काढले, किलवर वाजवले, आणि प्रत्येकाकडे पाच पानं उरली.

गौतमच्या उघड्या पानांत किलवरचा गुलाम होता. त्याच्या वरची सगळी पानं पडून गेली होती, म्हणजे तोच आता सगळ्यांत मोठा. त्याच्यावर हर्षवर्धन आपलं एखादं कुचकामी पान फेकू शकत होता आणि गुपचूप दहा हात करू शकत होता. पण जोड्यांच्या खेळात गुपचूप कुणाला पुरतं? अकरावा हात निघाला तर सगळ्या टेबलांच्या वर. त्यानं गुलामाला हात न लावता उघड्या पानांतला बारीक बदाम पुढे केला.

पाळी इंदुताईंची.

मावशींची मान खाली गेली. हिरवं कापड.

कट्... कट्...

आणि खडा थांबला.

त्याच क्षणी गौतम चहाचे कप घेऊन आला आणि हर्षवर्धन मागे वळला. "अरे, साखर नक्को म्हटलं होतं ना मी!"

"हौ रे, एक बिनसाखरेचाच आहे. कोणता, ते बघावं लागेल."

"चाखून बघू का आता?"

खडा अजून थांबलेलाच. मग इंदुताईंनी एक बारीक बदाम टाकला आणि, कट्, खडा चालू झाला. हर्षवर्धननं वळून राणी लावली. मावशींकडे बदामचा राजा होता. त्यांनी हात घेतला. तिसरा हात. आता अजून एक.

उतारी मावशींची. बदाम परत आणायचा, की चौकट?

मी मागून पानं बघत होते आणि मला एवढं कळत होतं: न दिसलेले एक्के दोन, बदामचा आणि चौकटचा. हर्षवर्धनच्या बोलीवरून त्यातला एकच इंदुताईंकडे असू शकत होता. त्यांच्याकडे बदामचा एक्का असेल तर बदाम आणला की चौथा हात आपला, डाव बुडाला. चौकटचा असेल तर चौकट आणायला हवं. चुकलं, तर हर्षवर्धन किलवरच्या गुलामावर उरलेलं पान फेकून मोकळा.

आणि एरवी एखादा म्हणाला असता, की राणी लावणारा माणूस एक्का जवळ बाळगूनच राणी लावतो. म्हणजे बदामचा एक्का त्याचा, चौकट आणा.

फक्त तो खडा. बदामचा एक्का हातात नसता, तर बारीक बदाम टाकायला इंदुताई थांबल्या कशाला असत्या? एक्का आत्ता मारू की मागे ठेवू, ह्याच विचारात त्या होत्या. ते मला, काल खेळ शिकलेल्या मुलीला, कळलं होतं. हर्षवर्धनचं लक्ष तेव्हा साखरेत होतं. मुकुंदराव दूर कुणाचा तरी वाद मिटवत होते. कुणीही हरकत घेणार नव्हतं.

मावशींनी दोन्ही पानांवर बोट ठेवलं. मग मान वर केली आणि समोर, इंदुताईंकडे न बघता त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघितलं. 

त्यांनी चौकट ठेवलं.

हर्षवर्धनचे ताठलेले खांदे सैल झाले. हात त्यानं उघड्या पानांतल्या चौकटच्या राजानं घेतला, किलवरचा गुलाम खेळला, त्यावर आपला उरलेला बदाम फेकला, आणि पानं उघडी केली. चौकटचा एक्का त्याच्याच हातात. "बाकीचे माझे. दहा."

इंदुताईंनी आपल्या हातातलं एक पान सावकाश उलटं करून टेबलावर ठेवलं. बदामचा एक्का.

"बदाम का नाही आणलास?"

"चौकट वाटलं."

"खोटं बोलू नकोस, पंचफुला. तुला खोटं येत नाही."

मुकुंदरावांनी निकाल वाचला. दुसरे हर्षवर्धन-गौतम. तिसऱ्या पंचफुला-इंदुताई. टाळ्या झाल्या. इंदुताईंनीही वाजवल्या, एखाद्याच्या गालावर वाजवाव्यात तशा.

ऑटोत मी पुढे चालकाच्या शेजारी कशीबशी बसले, मागे त्या दोघी. नारायणगुड्याच्या सिग्नलला इंदुताईंचा बांध फुटला.

"मी थांबले म्हणून. हो ना?"

मावशी पर्सची चेन उघडबंद करत राहिल्या.

"विचार करायचा नाही का माणसानं?"

"करायचा की. तुम्ही करायचा. मी तो घ्यायचा नाही."

"अगं, कुणाच्या लक्षात आलं होतं? तो गाढव साखर शोधत होता!"

"माझ्या आलं होतं ना, इंदुताई."

"म्हणजे माझी भिडू असून माझ्याविरुद्ध खेळलीस तू."

 ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं. "अम्मा, हौले हौले. सिग्नल छूट गया."

इंदुताई फाटकात उतरल्या आणि वळून म्हणाल्या, "मंगळवारी दुसरी बघ."

ते दोन-तीन दिवस घरात टीव्ही आणखीच बारीक होता. मावशी भाकऱ्या थापत आणि मध्येच थांबत. मंगळवारी दुपारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोर येऊन उभे राहिले.

"चल. मी बसतो तुझ्यासमोर."

"तुम्ही?"

"का? पानं धरून बसायचं तर."

"अहो, तुम्हाला इस्पिक अन् किलवर वेगळं ओळखू येत नाही!"

"दोन्ही काळेच की!"

मावशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी एकटीच जाते. बसायला नाही मिळालं तर बघत बसेन." मी सोबत निघाले.

क्लबात टेबलं भरत होती. मावशी भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या. मुकुंदराव येऊन विचारून गेले, "जोडी?" मावशींनी मान हलवली, ती हो पण नव्हती आणि नाही पण.

जिन्यातून आधी आवाज आला. "अरे, ह्या कठड्याला कुणी तेल लावतंय का रोज? हात ठरत नाही!" मग इंदुताई. त्या सरळ बाकाशी आल्या, पण बसल्या नाहीत.

"सहा जणांना फोन केले," त्या म्हणाल्या. "चांगल्या खेळणाऱ्यांना. थांबण्याचं कुणालाही सांगितलं नाही. फक्त पत्ते सांगितले, बोली सांगितली, म्हटलं, राजानं हात घेतलाय, आता काय आणाल?"

"मग?"

"तिघं म्हणाले बदाम. तिघं म्हणाले चौकट. म्हणजे दोन्ही पानं बरोबरीचीच." मग नाराजीनं पुढे म्हणाल्या, "पुण्याचा माझा भाऊही चौकट म्हणाला. त्याला मी पुन्हा विचारलं, नीट विचार कर म्हटलं. तरी चौकट!"

"इंदुताई..."

"थांब. एकच सांग. खरं सांग. मी थांबले नसते, तर तू काय खेळली असतीस?"

 "तेच तर कळत नाही हो. गेले तीन दिवस तेच शोधतेय. तुम्ही थांबलात, की मग मला ते कळायची सोयच राहत नाही."

 इंदुताईंनी मावशींच्या मांडीवरची पर्स उचलली, खिडकीजवळच्या टेबलापाशी नेली आणि एका खुर्चीवर आपटली. "बस मग. उभी काय राहिलीस?"

"बसलेच होते की मी!"

"तिकडे नाही. इथे. माझ्यासमोर."

पहिल्याच डावात विरुद्ध जोडीनं बोली जिंकली, आणि पहिली उतारी मावशींची. त्यांनी पान टाकलं, विरुद्ध जोडीतल्या एकाची पानं उघडी झाली, त्यातलं एक पुढे आलं. पाळी इंदुताईंची. मावशींची मान खाली गेली.

इंदुताईंनी आपली तेरा पानं उलटी करून टेबलावर ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि उघड्या पानांकडे टक लावून बघायला लागल्या. खूप वेळ. शेजारच्या टेबलावरचा पहिला डाव संपत आला.

"ताई, खेळा की," विरुद्ध बाजूचे गृहस्थ म्हणाले.

"खेळतेय. सगळ्या डावाचा विचार आत्ताच करून ठेवतेय. मागाहून मध्येच थांबलेलं हिला चालत नाही."

मावशींनी मान वर केली नाही. पण मागे बसून मला त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

"हसतेयस का गं?" इंदुताई म्हणाल्या.

"तुम्ही पानाकडं बघा, इंदुताई."